अंश समोर बसतो, छेद घरी राहतो: कुटुंबवैद्यक आणि सामुदायिक आरोग्य कसं शिकावं

या विषयाच्या पोस्टिंगला आलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात एक तक्रार हमखास करतो: ‘इथे बघण्यासारखं काही नाही.’ वॉर्डात दुर्मीळ आजार असतात, मोठ्या शस्त्रक्रिया असतात, मॉनिटरची टिकटिक असते. इथे खोकला, कंबरदुखी, ‘बरं वाटत नाही’ आणि कुणाच्या तरी आईचं वाढलेलं ब्लडप्रेशर. मीही हेच म्हणालो होतो, आणि तेही सरांच्या पाठीमागे नाही, समोरच. त्यांनी उत्तर दिलं नाही. फळ्यावर सहा आकडे लिहिले.

ते आकडे केर व्हाइट हे डॉक्टर-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली ब्रिटन-अमेरिकेतल्या नोंदींवरून काढले होते. १००० प्रौढ माणसं घ्या. एका महिन्यात त्यांतल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं. विद्यापीठाच्या रुग्णालयात पोचतो तो १. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, अमेरिकेत पुन्हा मोजणी झाली. औषधं बदलली होती, तपासण्या बदलल्या होत्या, पण चित्र जवळपास तेच निघालं: ८०० जणांना लक्षणं, २१७ जण डॉक्टरकडे, ८ दाखल, आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात एकाहूनही कमी.

आपण वैद्यकशास्त्र शिकतो ते त्या एकाकडून. कुटुंबवैद्यक म्हणजे त्या २५० जणांचं शास्त्र आणि सामुदायिक आरोग्य म्हणजे पुऱ्या १००० जणांचं. शाळेतल्या अपूर्णांकाच्या भाषेत सांगायचं तर दवाखान्यात येतो तो अंश आणि घरी राहतो तो छेद. हा विषय शिकणं म्हणजे अंशाकडे बघताना छेद न विसरण्याची सवय लावून घेणं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या सवयीसाठी आहेत.

१. प्रवेश घेण्याआधी

कुटुंबवैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य ही नावं आपण एका दमात घेतो, पण प्रवेशाच्या दाराशी त्यांच्या वाटा फुटतात. पहिली वाट डॉक्टरांसाठीची: वैद्यकीय पदवीनंतर निवासी प्रशिक्षण, शेवटी स्वतंत्रपणे रुग्ण तपासण्याची पात्रता. कॅनडात हे साधारण २ वर्षांचं असतं, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ३ वर्षांचं. दुसरी वाट सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्सची, म्हणजे एमपीएचची. ती १ ते २ वर्षांची. तिथे डॉक्टरांबरोबर परिचारिका, फार्मासिस्ट, संख्याशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकलेले लोकही असतात. या पदवीने रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण ते न वाचता फी भरलेले लोक मला भेटले आहेत. तिसरी वाट दोन्ही सांधणारी: काही विद्यापीठांत एकच विभाग दवाखानाही चालवतो आणि ठरावीक वस्तीच्या आरोग्याची जबाबदारीही घेतो. जमलं तर हीच निवडा.

पदवीला मान्यता आहे का, हे विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. जिथे पुढे काम करायचं आहे तिथल्या परवाना देणाऱ्या परिषदेला लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा.

मग सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना गाठा. प्राध्यापक चालतील, पण विद्यार्थी बरे. त्यांना चार गोष्टी विचारायच्या. तुम्ही तेच रुग्ण वर्षभर पुन्हा पुन्हा बघता का? विभागाकडे एखाद्या वस्तीची घरनिहाय यादी आहे का, आणि ती शेवटची कधी दुरुस्त झाली? तुम्ही रुग्णाशी बोलत असताना कुणी शिक्षक शेजारी बसून बघतात का, की सगळं फक्त तोंडी सांगायचं असतं? आणि संख्याशास्त्र कुणाच्या आकड्यांवर शिकवतात, पुस्तकातल्या की स्वतःच्या?

पहिल्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देतो. प्राथमिक सेवेच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या बार्बरा स्टारफिल्ड यांनी या सेवेची चार लक्षणं सांगितली: पहिला संपर्क, सातत्य, सर्वसमावेशकता आणि समन्वय. महिनाभर इथे, महिनाभर तिथे अशा फिरत्या पोस्टिंगमध्ये तीन लक्षणं कशीबशी दिसतात. सातत्य दिसतच नाही. ज्याचा मधुमेह तुम्ही ओळखला तो माणूस दोन वर्षांनी गोळ्या का सोडतो, हे त्याला दोन वर्षं भेटल्याशिवाय कळायचं कसं?

२. पेन्सिल घेऊन बसा

बहुतेक जण संख्याशास्त्र परीक्षेच्या महिन्यावर ढकलतात. मी ते पहिल्या आठवड्यात करायला सांगतो, कारण दवाखान्यातला एकही निर्णय त्याशिवाय नीट समजत नाही. फार लागत नाही. एक उदाहरण हाताने सोडवा, कॅल्क्युलेटरशिवाय.

एक तपासणी आहे. आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना ती बरोबर पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडून देते. ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या माणसाला खरंच आजार असण्याची शक्यता किती? वर्गात विचारलं की निम्मे हात ‘९० टक्के’ म्हणून वर जातात. खरं उत्तर एवढंच, की माणूस कुठून आला ते सांगितल्याशिवाय सांगता येणार नाही.

मोठ्या रुग्णालयातल्या खास विभागात, चाळण्या लागून पोचलेल्या १००० जणांत ५०० आजारी आहेत असं धरा. तपासणी ४५० आजारी पकडेल आणि ५० निरोगी लोकांना उगाच पॉझिटिव्ह ठरवेल. ५०० पॉझिटिव्हांत ४५० खरे, म्हणजे ९० टक्के. आता तीच तपासणी कुटुंबवैद्याच्या दवाखान्यात आणा. इथे तेच लक्षण घेऊन आलेल्या १००० जणांत आजारी फक्त २०. त्यांतले १८ पकडले जातील. ९८० निरोगी लोकांपैकी ९८ जण विनाकारण पॉझिटिव्ह ठरतील. एकूण ११६ पॉझिटिव्हांत खरे १८, म्हणजे जेमतेम साडेपंधरा टक्के. त्याही पुढे जाऊन सरसकट वस्तीत तपासणी करा, जिथे १००० मागे २ आजारी आहेत. सुमारे १०० लोक पॉझिटिव्ह येतील आणि त्यांत खरे असतील दोनच.

यंत्र तेच, रसायन तेच. बदलला तो छेद. रुग्णालयातून शिकून आलेला डॉक्टर दवाखान्यात बसला की भाराभर तपासण्या का लिहितो आणि त्यातून भलताच घोळ का होतो, याचं निम्मं उत्तर या गणितात आहे.

आता उलट बाजूही काढा, ती सहसा कुणी काढत नाही. त्याच दवाखान्यात निगेटिव्ह आलेले ८८४ जण. त्यांतले ८८२ खरोखर निरोगी. म्हणजे ‘तुम्हाला हा आजार नाही’ असं सांगण्याची ताकद इथे प्रचंड आहे. कुटुंबवैद्याचं पुष्कळसं काम हेच: घातक गोष्टी नाहीत याची खात्री करून घेणं आणि बाकीच्यासाठी काळाला थोडा वाव देणं.

३. खुर्चीतला माणूस

१९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी रुग्ण-डॉक्टरांच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून ऐकल्या. रुग्ण बोलायला लागल्यापासून डॉक्टर मध्ये तोंड घालेपर्यंत सरासरी १८ सेकंद जात होते. हा आकडा वाचून हसू येतं. मग स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐका. अर्थात रुग्णाची संमती घेऊन. माझ्या पहिल्या ध्वनिमुद्रणात मी ११ सेकंदांत ‘किती दिवस झाले?’ विचारलं होतं.

सराव असा करा. पहिला प्रश्न मोकळा ठेवा: ‘सांगा, कशासाठी आलात?’ आणि नंतर गप्प बसा. दीड मिनिट गप्प राहणं जड जातं, पण बहुतेक लोक त्याआधीच थांबतात. ते थांबले की लगेच दुसऱ्या प्रश्नावर उडी मारू नका. ‘आणखी काही?’ एवढं विचारा. हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला नाही तर त्याचं उत्तर शेवटी मिळतं, तेही रुग्णाचा हात दाराच्या कडीवर असताना.

एका विद्यार्थ्याबरोबर घडलेला प्रसंग सांगतो. पंचेचाळिशीचे गृहस्थ, डोकेदुखी. विद्यार्थ्याने बारा प्रश्न विचारले: कुठली बाजू, उलटी, उजेडाचा त्रास, झोप. सगळी उत्तरं एकेका शब्दात. तपासणी व्यवस्थित केली, काही सापडलं नाही, गोळी लिहिली. गृहस्थ उठले आणि दाराशी थांबून म्हणाले, “माझ्या भावाचंही असंच सुरू झालं होतं, डॉक्टर.” भाऊ मेंदूच्या गाठीने गेला होता. त्यांना गोळी नकोच होती.

म्हणून लक्षणांचा इतिहास घेतल्यावर तीन गोष्टी आठवणीने काढून घ्यायच्या: त्यांना स्वतःला काय झालंय असं वाटतं, कशाची धास्ती वाटते, आणि आपल्याकडून काय हवंय. तीनही प्रश्न याच शब्दांत विचारू नका, कारण ‘तुम्हाला काय वाटतं काय झालंय?’ असं थेट विचारलं की ‘ते तुम्हीच सांगा ना’ हेच उत्तर येतं. ‘असं झालं की माणसाच्या मनात काहीबाही येतं, तुमच्या मनात काय आलं?’ असं विचारून बघा. लंडनमध्ये १९५०च्या दशकात मनोविश्लेषक मायकेल बालिंट सामान्य डॉक्टरांचे छोटे गट घेऊन बसायचे आणि त्यांना चक्रावून टाकणाऱ्या रुग्णांवर बोलायचे. औषधाइतकाच डॉक्टर स्वतःही रुग्णाला लागू पडतो आणि त्याचेही डोस आणि दुष्परिणाम असतात, हा विचार तिथून आला. तुमच्या विभागात असा गट नसेल तर चार मित्र जमवून सुरू करा. रुग्णाची ओळख उघड न करता आठवड्यातून एक केस.

भेटीचा शेवट शिकायला लोक विसरतात. दवाखान्यात निदान अनेकदा त्याच दिवशी होत नाही, म्हणून दोर सोडून ठेवावा लागतो. तीन वाक्यं पुरतात. ‘हा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत जाईल. दम लागला, थुंकीतून रक्त आलं किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला तर त्याच दिवशी या. आणि तीन आठवड्यांनंतरही राहिला, तर दुसरं काही होत नसलं तरी या.’ शेवटी रुग्णाला त्याच्या शब्दांत हे परत सांगायला लावा. ‘काही वाटलं तर या’ हे वाक्य मात्र कायमचं टाकून द्या. त्याचा अर्थ कुणालाच कळत नाही.

नोंद करताना रुग्ण काय म्हणाला, तुम्हाला काय दिसलं, तुमचं मत काय आणि पुढे काय करायचं, हे चार भाग वेगळे ठेवा. आणि ‘थकवा’ हा थकवाच राहू द्या. फॉर्मात निदानाचा रकाना आहे म्हणून त्याला आजाराचं नाव चिकटवू नका. १९८७ साली प्राथमिक सेवेसाठी स्वतंत्र वर्गीकरण, म्हणजे आयसीपीसी, निघालं ते याच अडचणीतून. त्यात लक्षणाला लक्षण म्हणूनच कोड देता येतो.

४. खुर्चीमागचं कुटुंब

तीन पिढ्यांची आकृती काढायला शिका. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, मृत व्यक्तीवर फुली, वय आत, आजार बाजूला, एका छताखाली राहणाऱ्यांभोवती तुटक रेघ. दहा मिनिटांत होते. आनुवंशिक आजार दिसतात, हे तर झालंच. पण तुटक रेघेच्या आत पाच जण आजारी आणि काळजी घेणारी एकच, हे दिसतं तेव्हा त्या एकीची पाठदुखी वेगळी समजते.

घरभेटीला जाताना फोन करून, वेळ ठरवून जा. तिथे प्रश्नावली लगेच बाहेर काढू नका. सगळी औषधं एका ठिकाणी आणायला सांगा. तीन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी लिहिलेलं एकच औषध निघालं तर नवल वाटून घेऊ नका. जिने, उजेड, संडासापर्यंतचं अंतर बघा. प्रश्न सासूबाईंना विचारलात आणि उत्तर मुलाने दिलं, हेही लिहून ठेवा.

इथे एक काटा आहे. कुटुंबाचे डॉक्टर झालात तरी गुपित प्रत्येकाचं स्वतंत्र असतं. मुलीने सांगितलेलं आईला सांगायचं नाही, नवऱ्याचा रिपोर्ट बायकोच्या हातात द्यायचा नाही, आणि ‘मी त्यांची जवळचीच आहे, मला सांगायला काय हरकत आहे’ या वाक्यापुढे नरमाईने पण ठाम राहायचं. विद्यार्थी चुकतात ते गप्पांच्या ओघात: ‘काल तुमचे भाऊ आले होते.’ एवढ्यानेही फुटतं. सोबतच्या नातेवाइकाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगणं ही प्रत्येक भेटीची रीतच करा. म्हणजे ज्या दिवशी खरंच गरज असेल त्या दिवशी ते खटकणार नाही.

५. हद्द आखा, माणसं मोजा

आता विषयाचा गाभा. एका रुग्णाचं निदान करतो तसं वस्तीचं निदान करायचं. १९४० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने हे करून दाखवलं. आधी हद्द ठरवली, घरोघर जाऊन माणसं आणि आजार मोजले, थोड्या घरांपासून सुरुवात करून हद्द वाढवत नेली आणि दवाखान्याचं काम त्या मोजणीवर बेतलं. वेल्समधल्या ग्लिनकॉरूग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी हेच वेगळ्या प्रकारे केलं. ते दवाखान्यात येईल त्याचं ब्लडप्रेशर मोजून थांबले नाहीत. न येणाऱ्यांनाही त्यांनी यादीवरून शोधून काढलं. ज्यांना आरोग्यसेवेची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, हा नियम त्यांनी १९७१ साली मांडला. रुग्णांच्या रांगेकडे बघत बसलेल्या माणसाला तो सुचला नसता.

पहिलं काम हद्द. ‘परिसरातले लोक’ ही हद्द नव्हे. कोणता रस्ता, कोणतं घर आत आणि कोणतं बाहेर, किती दिवस राहिलेला माणूस ‘इथला’, हे कागदावर लिहा. सर्वेक्षण सुरू झाल्यावर ही व्याख्या बदलता येत नाही.

दुसरं काम पायी फिरणं, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. वही जवळ असू द्या, पण प्रश्न विचारू नका. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, कामावरून लोक कधी परततात, आजारी माणूस आधी कुणाकडे जातो. हे शेवटचं औषधाच्या दुकानातला माणूस सर्वांत छान सांगतो.

तिसरं काम आधीपासून असलेले आकडे गोळा करणं: जन्म-मृत्यूच्या नोंदी, लसीकरणाच्या याद्या, शाळेची हजेरी. यातल्या प्रत्येक आकड्याला विचारा, तुझा छेद कुठाय? ‘यंदा मधुमेहाचे ४० नवे रुग्ण’ याला काही अर्थ नाही. किती लोकांत? कोणत्या वयाचे? मागच्या वर्षी दवाखान्यात साखर मोजायचं यंत्र होतं का? इथेच नवे रुग्ण आणि एकूण रुग्ण यांतला फरक पक्का करा. नळातून पडणारं पाणी वेगळं, टाकीत साठलेलं वेगळं. उपचार सुधारून लोक जास्त जगायला लागले की टाकी भरत जाते, नळ तेवढाच असला तरी.

चौथं काम नमुना, म्हणजे सगळ्यांऐवजी मोजायची निवडक माणसं. समजा वस्तीत साधारण २० टक्के प्रौढांना ब्लडप्रेशर असावं असा अंदाज आहे आणि तुम्हाला ५ टक्के इकडेतिकडे एवढी अचूकता चालते. सूत्र: १.९६ चा वर्ग (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) गुणिले ०.२ गुणिले ०.८, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर २४६. दहा टक्के लोक भेटणार नाहीत किंवा नकार देतील असं धरलं तर २७४ जणांची यादी घ्या. घरांचे गट करून नमुना निवडणार असाल तर आकडा आणखी वाढवावा लागतो, कारण शेजारी शेजाऱ्यासारखे असतात. हे मार्गदर्शकांशी बसून ठरवा.

आणि मग बंद दार. यादीतल्या घराला कुलूप दिसलं की विद्यार्थी शेजारच्या घरात शिरतो आणि संख्या पुरी करतो. सगळ्या सर्वेक्षणांचा घात इथे होतो. दिवसा बंद असलेल्या घरात कामावर जाणारी माणसं राहतात, किंवा घरातलं कुणी रुग्णालयात असतं. म्हणजे नेमके जे वेगळे आहेत तेच गळले. त्याच घरी संध्याकाळी जा, सुट्टीच्या दिवशी जा, तीन खेपा करा. तरीही नाही भेटले तर तसं लिहा. न भेटलेल्यांची संख्या हाही निष्कर्षच आहे.

डॉ. जॉन स्नो यांची गोष्ट या विषयात सगळ्यांना पाठ असते: १८५४, लंडन, कॉलरा, ज्याच्या पाण्यातून साथ पसरली तो ब्रॉड स्ट्रीटचा पंप, तो बंद करायला ८ सप्टेंबरला काढलेलं त्याचं हँडल. हँडल काढलं तेव्हा साथ ओसरायला लागलेलीच होती, हे कमी जणांना ठाऊक असतं. मला त्यातला दुसराच भाग शिकवण्यासारखा वाटतो. पंपाजवळच्या गरिबांसाठीच्या कामघरात (वर्कहाउसमध्ये) ५३५ माणसं राहत होती, मेली फक्त ५. तिथे स्वतःची विहीर होती. जवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात ७० हून अधिक कामगार, त्यांतला एकही दगावला नाही. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. म्हणजे स्नो फक्त मेलेल्यांच्या मागे लागले नव्हते, न मेलेल्यांकडेही गेले होते. त्याच वर्षी त्यांनी दोन पाणीपुरवठा कंपन्यांची तुलना केली. एकीचं पाणी जिथे जात होतं त्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. मृतांचा आकडा एकटा घेतला असता तर ‘त्या कंपनीची घरंच जास्त आहेत’ एवढं म्हणून कुणीही तो उडवून लावला असता.

पाचवं काम तुलना, आणि तिथे वयाचा सापळा असतो. प्रत्येकी १०,००० लोकांच्या दोन वस्त्या घ्या. पहिलीत ४,००० वृद्ध, दुसरीत १,०००. पहिलीत वृद्धांचा मृत्युदर हजारी २०, इतरांचा हजारी १. दुसरीत हजारी ३० आणि २. पहिलीत एकूण मृत्यू ८६, दुसरीत ४८. अहवालात दिसेल की पहिली वस्ती जवळपास दुप्पट वाईट, प्रत्यक्षात ती दोन्ही वयोगटांत चांगली आहे. दोन्ही वस्त्यांत एक चतुर्थांश वृद्ध आहेत असं मानून पुन्हा काढा: पहिलीचा दर हजारी ५.७५, दुसरीचा ९. हे गणित एकदा हाताने केलं की वर्तमानपत्रातल्या ‘सर्वाधिक मृत्यू’च्या याद्या पूर्वीसारख्या वाचवत नाहीत.

६. छापलेलं वाचताना

‘या औषधाने हार्ट अटॅकचा धोका निम्मा होतो.’ निम्मा म्हणजे किती? १०० मधल्या २ चे १ झाले असतील तर तेही निम्मं, २० चे १० झाले तर तेही निम्मं. पहिल्यात एक अटॅक टाळायला १०० जणांना औषध द्यावं लागतं, दुसऱ्यात १० जणांना. शोधनिबंध वाचताना समासात हा आकडा काढून लिहिण्याची सवय लावा. निबंधातले रुग्ण कुठून घेतले तेही बघा. विशेष रुग्णालयातले असतील तर दुसरी पायरी आठवा.

चाळणी तपासण्यांबद्दल, म्हणजे लक्षणं नसलेल्या लोकांच्या तपासण्यांबद्दल, तर दुप्पट सावध राहा. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अशी तपासणी कधी करावी याचे दहा निकष लिहिले. परीक्षेसाठी पाठ करा, पण एक फसगत समजून घ्या. एक माणूस ७० व्या वर्षी आजाराने जाणार आहे. लक्षणं दिसून ६७ व्या वर्षी निदान झालं तर तो ‘निदानानंतर ३ वर्षं जगला’. चाळणीत ६० व्या वर्षी सापडला तर ‘१० वर्षं जगला’. त्याच्या आयुष्यात एक दिवसही वाढला नाही, वाढली ती रुग्ण म्हणून काढलेली वर्षं. नको त्या तपासणी-उपचारांपासून माणसाला वाचवणं हेही प्रतिबंधाचंच काम, असं बेल्जियन कुटुंबवैद्य मार्क जामूल यांनी १९८६ मध्ये मांडलं आणि ही कल्पना आता अभ्यासक्रमात ‘चौथ्या पातळीचा प्रतिबंध’ म्हणून येते.

उलट बाजूला साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ उभे आहेत. थोडा धोका असलेल्या पुष्कळ लोकांतून जेवढे आजार निघतात, तेवढे फार धोका असलेल्या मोजक्या लोकांतून निघत नाहीत, असं त्यांनी १९८५ मध्ये दाखवलं. म्हणजे सगळ्यांचंच मीठ थोडं कमी करणं वस्तीला फार उपयोगी, पण त्यातल्या एकेका माणसाला जवळपास निरुपयोगी. रोझ आणि जामूल यांची ओढाताण मिटत नाही. सकाळी दवाखान्यात एका बाजूने आणि दुपारी वस्तीत दुसऱ्या बाजूने विचार करावा लागतो. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न आला तर एकच बाजू घेऊन मोकळे होऊ नका.

७. थीसिस, लॉगबुक, व्हायवा

थीसिसचा प्रश्न दवाखान्यातच शोधा. महिनाभर, ‘हे असं का?’ असं मनात आलं की एक ओळ लिहा. तीस ओळींतून एक निवडा, जिचं उत्तर तुमच्या हातातल्या वेळात आणि पायी पोचता येईल एवढ्या हद्दीत मिळेल. नैतिकता समितीच्या मंजुरीला वाटतं त्याहून वेळ लागतो. अर्ज लवकर टाका आणि मंजुरीआधी एकही फॉर्म भरून घेऊ नका. प्रश्नावली आधी नमुन्याबाहेरच्या दहा घरांत चालवून बघा. कागदावर सोपे वाटलेले तीन प्रश्न तरी तिथे कोसळतील.

लॉगबुक, म्हणजे बघितलेल्या केसेसची नोंदवही, रोजच्या रोज लिहा. शेवटच्या आठवड्यात एका पेनाने लिहिलेलं लॉगबुक परीक्षकाला पहिल्या पानावरच ओळखू येतं. तुमची चूक झालेली केस त्यात ठेवा. विचारलं जाईल ते तिच्याबद्दलच आणि सांगायला सर्वांत जास्त तिथेच असेल.

व्हायवात छेद विचारतात. तुमच्या वस्तीत किती लोक, किती घरं, पाच वर्षांखालची मुलं किती, न भेटलेली घरं किती. हे चार आकडे झोपेतही सांगता आले पाहिजेत.

परीक्षेनंतर एक काम उरतं, ज्याला गुण नाहीत. ज्या घरांतून माहिती घेतली त्या लोकांना निष्कर्ष परत द्यायचे. एक पान पुरतं, मोठ्या अक्षरात, टक्क्यांऐवजी ‘दहांतल्या तिघांना’ अशा भाषेत. सभा संध्याकाळी ठेवा, कारण दिवसा दारं बंद असतात, हे एव्हाना तुम्हाला ठाऊक आहे. प्रश्नांना निम्मा वेळ राखून ठेवा आणि वही घेऊन मागच्या रांगेत बसा.